सोमारीच्या मोहाखाली

“सरक बाजूले. पाय पोळतीन तुझे.”

मी डोळे उघडले. समोर एक म्हातारी उभी होती, कमरेत इतकी वाकलेली की कोवळ्या उन्हात पडलेली तिची सावली तिच्यापेक्षा ताठ दिसत होती. काखेत गाडगं, गाडग्याच्या तोंडावर पळसाचं पान आणि पानावर तिचा सुरकुतलेला पंजा.

“काय आहे त्यात?”

“विस्तव. दुसरं काय आनीन सकाळी सकाळी?”

मी ताडकन उठलो. विस्तव हा शब्द ऐकला की उठायचं, एवढ्यासाठीच मला तिथं ठेवलं होतं.

त्या साली मी पिपरटोल्याच्या टेकडीवर जंगलखात्याचा फायर वॉचर होतो. होळीपासून पाऊस पडेपर्यंत टेकडीवर राहायचं, धूर दिसला की धावायचं आणि हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आग विझवायची. धूर नसेल तेव्हा झोपायचं, हे काम मात्र मला कोणी नेमून दिलं नव्हतं. ते मी आपणहून अंगावर घेतलं होतं. खात्याच्या राऊंडसाहेबांनी पायथ्याशी जीप थांबवून बजावलं होतं, “दसरू, मागच्या साली ही अख्खी टेकडी जळाली. आता कुठं धुमारे फुटलेत. यंदा जळाली तर इथं परत काही उगवणार नाही. आणि मग तूही माझ्या दारात उगवू नकोस.”

आग कोण लावतं ते साहेबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि लावणाऱ्यांना तर होतंच. मोहाची फुलं पहाटेपासून टपटपायला लागतात. खाली साग, ऐन, तेंदूच्या वाळक्या पानांचा गुडघाभर थर असला की फुलं त्यात बुडून जातात, वेचता येत नाहीत. म्हणून फुलं पडायच्या आधी झाडाखालची पानं पेटवून जमीन मोकळी करायची, ही तिथली जुनी रीत. बहुतेकदा आग झाडाखालीच विझते. एखाद्या दिवशी वारा येतो, तिला हाताला धरतो आणि टेकडी फिरवून आणतो.

“आजी, इथं आग लावायची नाही. मनाई आहे.”

“कोनाची?”

“सरकारची.”

“सरकार येते का मोहफुलं वेचाले?”

“नाही.”

“मंग त्याले कसं समजन? तू सरक.”

गाडगं हिसकावून घ्यावं असं एकदा मनात आलं. पण हिसकाहिसकीत ते खाली पडलं असतं, तर मला पळायलाही जागा उरली नसती. घोट्यापर्यंत मी पानांत उभा होतो. नुसतं पाऊल हललं तरी पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा.

“दुसरीकडून सुरुवात करा ना,” मी म्हणालो. “आज हे झाड राहू द्या.”

“दुसरं झाडच नाई मले,” ती म्हणाली. मग माझ्याकडे मान वर करून तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं. “तू नदीपलीकडचा दिसतं. तुले आमची रीत माईत नसन. पहिलं फूल पडाच्या आधी ज्याच्या हातानं जमीन मोकळी झाली, त्या सालचं झाड त्याचं. कागद नाई, शिक्का नाई. माझ्या सासऱ्यानं झाडली, माझ्या बुढ्यानं झाडली, त्याच्यामागं मी. यंदा पाठच मोडली. खराटा धरला का डोळ्यापुढं काजवे. आन् माझा पुतण्या मनकू, त्याच्या स्वतःच्या मोहाचा निस्ता बगीचा हाये, तो खराटा घेऊन खाली बसला हाये. ऊन चढलं का भुमकाले घेऊन येतो म्हनला. जमीन मोकळी नसन तर भुमकासमोर तो झाडन. मंग मी वर्षभर काय खाऊ? तुझ्या सरकारची मनाई?”

भुमक म्हणजे गावाचा पुजारी. झाडाझुडपांचे आणि देवाचे तंटे तोच तोडायचा. म्हातारीचं नाव सोमारी. त्या एका झाडाची फुलं आणि त्याच्या बियांचं तेल यावर तिचं साल निघायचं.

मी वर पाहिलं. झाडावर एकही पान उरलं नव्हतं. प्रत्येक डहाळीच्या टोकाला फिक्या पिवळ्या फुलांचे घोस रसानं फुगून लोंबत होते. आता सुटतील की मग सुटतील, असं झालं होतं. आणि तो वास! ज्यानं कधी घेतला नसेल त्याला कसा सांगू? गूळ कढत असावा, जवळच कुणीतरी दूध उतू घालवलेलं असावं आणि तुम्हाला त्यातलं काहीच सावरायचं नसावं, असा तो वास असतो. त्यात माणूस उभा असला तरी थोडा आडवा झालेला असतो.

मला दोनच गोष्टी येत. झोपणं आणि थापा मारणं. झोपून चालणार नव्हतं.

“आजी,” मी म्हणालो, “आग लावायची तर लावा. पण आमच्या गावची टेकडी कशी निघून गेली ते तुम्हाला माहीत असतं ना, तर तुम्ही लावली नसती.”

“टेकडी कुठं जाते?”

“गेली की. दरसाली लोक तिच्यावर आग लावायचे. आधी गवत गेलं, मग झुडपं गेली, मग झाडंही जळाली. शेवटी टेकडी पार उघडी पडली. गावात लग्न होतं, वरात तिच्या समोरून चालली होती, सगळे तिच्याकडे बघत होते. तिला इतकी लाज वाटली की ती उठली आणि चालायला लागली.”

सोमारी हळूच खाली बसली. गाडगं मांडीत घेतलं, वरचा हात मात्र काढला नाही.

“दिवसाढवळ्या?”

“वाजंत्री वाजत होती तेव्हा. माझ्या आईनं डोळ्यांनी पाहिलं.”

“कोन्या बाजूनं गेली?”

“उत्तरेला.”

“मले दिशा नाई समजत. काढून दाखव.”

मी उकिडवा बसलो, हातानं पानं बाजूला सारून थोडी जमीन मोकळी केली आणि बोटानं गाव काढलं. गावाच्या बाजूला सारलेल्या पानांचा एक ढीग रचला. ती टेकडी.

“आन् नदी? नदीवरून गेली का बुडून गेली?”

“नदीतून गेली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं.”

“कुठं हाये नदी?”

नदी काढायला जागा लागतेच. मी दोन्ही हातांनी पानं लोटत झाडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. वैनगंगा काही लहान नाही.

“एवढीशी?” सोमारी म्हणाली. “मी पाहिली हाये वैनगंगा. एवढ्याशात तर माझी बकरी नाई बुडनार.”

मी नदी रुंद केली.

ऊन बोटभर वर आलं. टेकडी नदी ओलांडून पुढं गेली, एका शेतात तिनं रात्र काढली. शेतकरी सकाळी उठला तर धान गायब आणि उशाला डोंगर. शेत कुठं, असं तिनं विचारलं. मी शेत काढलं. बांध कसे होते, असं विचारलं. मी बांध काढले. मला वाटत होतं, म्हातारी गोष्टीत गुंतली. आणखी थोडा वेळ रेटली की ऊन चढेल, मनकू आणि भुमक वर येतील, मग विस्तवाचं काय करायचं ते भुमक बघेल. माझ्या टेकडीवर धूर निघाला नाही म्हणजे झालं. म्हातारीचं झाड जाईल, हे अधूनमधून टोचत होतं. टोचलं की मी गोष्टीत आणखी एक वळण घालायचो.

“तुझ्या घरात समदे असेच?” तिनं विचारलं. “का तूच एक?”

“मी कुठला! आमचे आजोबा खरे. ते एकदा पळसाखाली झोपले. झोप अशी गाढ, की मुंग्यांना वाटलं बैल मेला. लाखभर मुंग्या जमल्या, त्यांनी आजोबांना उचललं आणि चालू लागल्या. आजोबांना जाग आली ती एका अनोळखी अंगणात. समोर एक पोरगी तांदूळ निवडत होती.”

“मंग?”

“मग काय, तीच आमची आजी. सोयरीक मुंग्यांनी जुळवली. लग्नात पहिला मान वारुळाला दिला.”

सोमारी हसली. तोंडात एकच दात होता, तोही हसला. “मुंग्या कोन्या वाटेनं गेल्या?”

मी सरळ एक पट्टा मोकळा केला.

“अशा सरळ? मुंगी कधी सरळ जाते का गा? अन् लाखभर म्हनतं, तर वाट केवढी पायजे!”

मग मी मुंग्यांची वाट वळवली. बुंध्याला एक वेढा घातला, मुळांमधून काढली, पुन्हा बाहेर आणली, चांगली बैलगाडी जाईल एवढी रुंद केली. पानांचे ढीग लोटून लोटून कडेला नेले. तिकडं सगळा सह्याद्री उभा राहिला. माझे हात मातीनं माखले होते, अंगाला घाम होता, आणि तो वास डोक्यात असा भरला होता की मी काढलेली नदी मला वाहताना दिसू लागली. खरंच सांगतो. पाण्यावर उन्हाचा चुरा हलत होता. पलीकडच्या काठावर ती टेकडी पदर सावरत बसली होती. मुंग्यांच्या पाठीवर आजोबा घोरत चालले होते आणि त्यांच्या घोरण्यानं पळसाची फुलं हलत होती.

सोमारीचा आवाज आला तोही जणू त्या काठावरून.

“तुझी टेकडी एवढी फिरली. माझा बुढा भेटला का तिले?”

मी थांबलो.

“तो बी असाच उठून गेला,” ती म्हणाली. “इथंच बसला होता, आता तू बसला हायेस तिथं. फुलं वेचता वेचता म्हनला, जरासा पडतो. मी म्हटलं, पड. टोपली भरली तरी उठला नाई.”

झाडावर कुठंतरी हळद्या ओरडला. मी खाली बघत म्हणालो, “भेटला.”

“काय करे?”

“मोहाखाली झाडत होता.”

“खराट्यानं?”

“हो.”

“खोटं!” तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. “त्याले खराटा धरताच नाई ये. हातानं झाडे तो. एकेक पान उचले, जसं का पाहुन्याचं ताट उचलून ऱ्हायला. लोक आग लावत आन् हा पानं उचले. म्या किती शिव्या देल्या त्याच्यापायी.”

“हातानंच झाडत होता,” मी म्हणालो. “मला दुरून नीट दिसलं नव्हतं.”

“कुठं?”

झाडाच्या मागच्या अंगाला, नदी संपत होती तिथं, पानांचा एक तुकडा अजून राहिला होता. मी तिकडं गेलो. एकेक पान उचललं. का कोण जाणे, तिथं मला दोन्ही हातांनी लोटवेना. गोष्ट नुसती माझ्या हातात चालू होती.

शेवटचं पान उचललं तेव्हा माझ्या मागे आवाज झाला. ओल्या बोटानं कुणी डग्गा वाजवावा तसा.

टप्प.

मी वळलो. मुंग्यांच्या वाटेवर, बरोबर आजोबांच्या सासरच्या अंगणात, एक मोहफूल पडलं होतं. मोकळ्या, काळ्याभोर जमिनीवर. मी चहूकडं पाहिलं. झाडाच्या फांद्या जिथपर्यंत पोहोचत होत्या तिथपर्यंत एकही पान उरलं नव्हतं.

“सुटलं झाड,” सोमारी म्हणाली, आणि तिनं गाडग्यावरचं पळसाचं पान काढलं. आत आंबील होती. तिनं पानाचा द्रोण केला, त्यात ओतली आणि माझ्यापुढं धरली. “घे. भूक लागली असन. लई काम केलंस.”

थंडगार होती. मी पीत असताना ती इतकी समाधानानं माझ्याकडे बघत होती की मला रागावताही येईना. थापा मारण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं तोवर मला वाटत होतं.

एवढ्यात खालून माणसांचा आवाज आला. मनकू पुढं होता, खांद्यावर बंदुकीसारखा खराटा. मागे भुमक रैनू, पांढऱ्या मिशांचा, काठी टेकत. त्याच्यामागे फुकटचा तमाशा बघायला निम्मा पिपरटोला.

मनकू झाडाखाली आला आणि थबकला. खराटा खांद्यावरून खाली उतरला.

“काकी, कोनं झाडलं हे?”

सोमारीनं उत्तर दिलं नाही. आपल्या मोहाखाली बसून ती माणसं खोटं बोलत नाहीत. आंबिलीला विस्तव म्हणणं त्यात धरत नसावेत. पण भुमकासमोर, पहिलं फूल पडल्यावर, मुळीच नाही. ती नुसती जमिनीकडे बघत बसली. मघाशी हसलेला तो एकुलता दात दिसेनासा झाला होता. मला कळलं, की तिनं इथपर्यंतचाच विचार केला होता.

“काकीची पाठ तर वाकत बी नाई आन् सरळ बी होत नाई,” मनकू म्हणाला. “हे या फारेस्टवाल्यानं झाडलं. त्याचे हात पाहा. भुमक्या, बाहेरच्याचा हात रीतीत बसते का?”

“नाई बसत,” रैनू म्हणाला. “बाहेरच्यानं झाडलं तर ते झाडलंच नाई असं धरायचं. आन् तोवर पडलेलं फूल पहिलं धरत नाई.”

“मंग मी झाडतो.” मनकूनं खराटा उचलला.

“थांबा,” मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी झाडलं म्हणावं तर झाड मनकूचं. सोमारीनं झाडलं म्हणावं तर लहान पोरानंही विश्वास ठेवला नसता, आणि तिला मान डोलवावी लागली असती.

“अस्वलानं झाडलं,” मी म्हणालो.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. रैनू हसला नाही. त्यानं काठी दोन्ही हातांत धरली आणि हनुवटी तिच्यावर टेकवली.

“अस्वल कसं झाडन?”

“फुंकर मारून. वारूळ उकरताना नाही का ते फूं फूं करत माती उडवत? तशी पानं उडवली.”

रैनूनं मान हलवली. अस्वलाची फुंकर त्या गावात सगळ्यांनी ऐकलेली होती. “आन् हे पानाचे डोंगर कोनं रचले?”

“पिल्लं होती बरोबर. ती खेळत होती.”

“आन् ह्या वळनावळनाच्या रेघा?”

“पिल्लं घसरत होती. एक तर फारच द्वाड होतं.”

आता सगळेच हसत होते. मनकू ओरडला, “आन् अस्वल तुले पाहून पळालं नाई? का तू त्याले पाहून पळाला नाई?”

“पळणार होतो. पण मी गोष्ट सांगत होतो, ते ऐकत होतं. मधेच उठलो असतो तर त्याला राग आला असता.”

“काय गोष्ट?”

“आमच्या आजोबांना मुंग्यांनी उचलून नेलं, ती.”

रैनूनं काठी बुंध्याला टेकवली. मग तो वाकला, पहिलं पडलेलं फूल उचललं, कपाळाला लावलं आणि बुंध्याशी ठेवलं.

“अस्वल बाहेरचं नाई,” तो म्हणाला. “आपल्या आधीपासून हाये या टेकडीवर. त्याचा हात रीतीत बसते. त्यानं झाडलं, तर यंदा झाड त्याचं. मनकू, तुले अस्वलासंग भांडाचं असन तर भांड.”

मनकूनं खराट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यालाच हसू फुटलं. “माझी मोठी बायकोच पुरेशी हाये मले,” तो म्हणाला.

“अस्वल फुलं घरी नेत नाई, इथंच खाते,” रैनू म्हणाला. “त्यानं खाऊन जे उरन, ते सोमारी वेचन.”

लोक उतरून गेले. फुलं टपटपत राहिली. नदीत पडली, शेतात पडली, टेकडी जिथून उठून गेली त्या खड्ड्यात पडली. सोमारी सरपटत सरपटत वेचत होती. शेवटी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “एवढं बोलनारं अस्वल म्या पाहिलं नवतं गा.”

त्या वर्षी त्या टेकडीवरून धूर निघाला नाही. पुढच्या वर्षी एकदा निघाला, मी विझवला. पण त्याच वर्षी आणखी एक झालं. गावात एक आंधळा होता, पांडू. त्याच्या मोहाखालची जमीन हंगामाच्या आधी कुणीतरी मोकळी करून ठेवली. रैनूला विचारलं तर तो म्हणाला, अस्वल. त्याच्या पुढच्या साली एका बाळंतिणीच्या झाडाखाली अस्वल येऊन गेलं. मग कुणी विचारीनासंच झालं. ज्याच्यानं होत नाही त्याच्याकडं अस्वल जातं, एवढं पिपरटोल्याला माहीत झालं. आणि जिथं अस्वल हातानं झाडतं तिथं धडधाकट माणसाला आग लावायला थोडी लाज वाटायला लागली. सगळ्यांना नव्हे. थोड्यांना. टेकडीला तेवढं पुरलं. आज ती अशी झाकली गेली आहे की खालून तिचा माथा दिसत नाही.

सोमारी गेली. तिच्या मागे ते झाड रीतीप्रमाणे अस्वलाकडं आलं. म्हणजे माझ्याकडं. मी तोवर तिथलाच झालो होतो.

परवा नवीन गार्ड पोरगी माझ्या ओसरीत चहा पीत बसली होती. शहरात शिकून आलेली आहे, हुशार आहे. मला म्हणाली, “आजोबा, या टेकडीवरच्या अस्वलांची एक वेगळीच सवय आहे म्हणे. मोहाखालचा पाला स्वतः दूर करतात. दुसरीकडे कुठंच असं नाही.”

“काय सांगतेस!” मी म्हणालो.

यंदा माझे गुडघे गेले. चैत्र लागला तरी टेकडी चढवेना. मनकूचा नातू दारावरून जाताना विचारून गेला, “आजा, तुझं झाड कवा झाडतं?” मी म्हटलं, बघू. काल कसाबसा काठी टेकत चढलो. वाटेत चारदा बसलो. मनात म्हणत होतो, आता झाड सोडून द्यावं, पुष्कळ खाल्लं.

वर पोहोचलो तर झाडाखाली आरशासारखी जमीन. पानं कडेला नीट लोटलेली आणि पहिली फुलं पडायला लागलेली. मी वाकून माग बघितला. अस्वल येऊन गेलं होतं खरं.

हल्ली ती पायात स्लीपर घालतात.